हैबतरावांचा रिलिव्हर

१२ जानेवारी

धाटावची आमची कंपनी बंद होणार, बंद होणार, असं वर्षभर ऐकत होतो – आज झाली! मशिनरी सगळी गुजरातला चालली. मी रिटायर होऊन चार वर्षं झाली, तरी जेवण गोड लागलं नाही. इंदू म्हणाली, "कंपनी काय तुमच्या बापाची व्हती?" नव्हती. पण जिते गावातल्या ह्या घराची स्लॅब, पोरीचं, प्रतीक्षाचं नर्सिंग, इंदूच्या हातातल्या पाटल्या – सगळं कंपनीच्याच जिवावर. उपकार विसरू कसे?

माझ्यानंतरची शिफ्ट घेणाऱ्या हैबतरावांच्या मात्र बापाचीच होती. म्हणजे जमीन. त्यांच्या भातखाचरांवर आमचा प्लँट उभा राहिला, बदल्यात त्यांना नोकरी. "माझ्या बांधावर रिअ‍ॅक्टर चालवतोस, खंड दे," असं मला चिडवायचे.

१४ जानेवारी

संक्रांत. हैबतरावांच्या सुजयचा फोन. मला वाटलं तिळगूळ घ्या म्हणणार. तर रडकुंडीला आलेला! "काका, कंपनी मला गुजरातला घेतेय. एक तारखेला हजर व्हायचंय, नाय गेलो तर नोकरी गेली. आणि डॉक्टरांनी बाबांना घरी पाठवलंय. हृदय थकलंय, एकटं सोडू नका म्हणतात." बायको निशिगंधा दुसऱ्या कंपनीत लॅबला, दिवसभर बाहेर. हैबतरावांची म्हातारी तर कधीच गेली. "बाबा म्हणतात, तू जा. पन त्यांच्याजवळ बसनार कोन?"

मी म्हटलं, "मी."

इंदू बघतच राहिली.

१५ जानेवारी

इंदू विचारते – नात्याचे ना गोत्याचे, रोज त्यांच्या अष्टमी गावाला जाऊन बसणार?

तिला काय सांगू! शिफ्ट मी सोडायची आणि हैबतरावांनी घ्यायची, रोटेशनच तसं लागलेलं, पार शेवटपर्यंत. प्लँट चालू असतो, म्हणून रिलिव्हर आल्याशिवाय जागा सोडायची नाही हा नियम. ज्याचा रिलिव्हर दांडी मारायचा तो बिचारा डबल शिफ्ट ओढायचा. माझ्यावर ती पाळी कधी आली नाही. हैबतराव वेळेच्या आधी हजर! दारात धावीर महाराजांची पालखी असली तरी. मी म्हणायचो, "सगळं नॉर्मल." ते म्हणायचे, "बरं. जा तू." की मी पळत स्टेशनावर. त्या गाडीमुळे उजेडात घरी पोचलो. वाल पेरले, पोरीचा अभ्यास घेतला. आईला शेवटचं पाणी माझ्याच हातून मिळालं – पाच मिनिटांनी गाडी चुकली असती तर नसतं मिळालं.

त्यांची शिफ्ट घेऊन त्यांना सोडवायची पाळी मात्र माझ्यावर कधीच आली नाही. एवढं राहिलं.

१ फेब्रुवारी

सुजय काल गेला. आज माझा पहिला दिवस. निशिगंधा चपला घालून तयारच होती, मी आत, ती बाहेर.

दहा मिनिटं मजेत बोललो. मग दोघंही गप्प! काय बोलायचं तेच कळेना. शिफ्ट बदलताना दहा मिनिटं, एवढीच आमची दोस्ती. अकरावं मिनिट कधी आलंच नव्हतं. शेवटी तेच म्हणाले, "काय रं काळू, तुझी गाडी नाय आज?" हसून हसून त्यांना धाप लागली. मी घाबरलो.

५ फेब्रुवारी

काल घरी पोपटी लावली होती – मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून जाळावर भाजलेली. वालाच्या शेंगा डब्यात नेल्या. दोनच खाल्ल्या, पण वास घेत बसले. "भांबुर्डा कुठला रं? जित्याचा?" त्यांना बांधावरचा भांबुर्डा आठवला असणार. प्लँटखालचा बांध.

९ फेब्रुवारी

त्यांच्या खिडकीतून कुंडलिका नदी दिसते. म्हणाले, "ल्हानपनी हितंच उतरून मासं धरायचो. मग कंपन्या आल्या. वास सुटला, मासं गेलं. बाजारात लोक इचारायचं – नदीचा नाय ना?"

मी म्हटलं, "मग शिव्या घाला की कंपनीला."

"घालतो की! पन सुजयची फी भरताना नाय घातल्या."

खरं आहे. नदीनं सोसलं आणि आम्ही पगार घेतला. दोघांनाही ठाऊक होतं. आता काठावर बाकडी टाकलीत, लोक फिरायला येतात. एक जण गळ टाकून बसला होता. हैबतराव म्हणाले, "लागला तर सांग." नाही लागला. उद्या बघू.

१३ फेब्रुवारी

संध्याकाळी निशिगंधा आली. मी चार्ज दिला – पेज घेतली, गोळ्या दिल्या, सगळं नॉर्मल. ती म्हणाली, "बरं काका, निघा आता." तर खाटेवरून आवाज, "तसं नाय गो! 'बरं, जा तू' म्हनायचं!" ती लाजली. "काकांना 'तू' कसं म्हणू?"

१७ फेब्रुवारी

सुजयनं व्हिडिओ कॉलवर नवा प्लँट दाखवला. आमचाच रिअ‍ॅक्टर! हैबतरावांनी लगेच ओळखला. "रंग बदललान रं त्याचा!" सुजय रुळलाय, खोलीही मिळाली. फोन ठेवल्यावर हैबतराव बराच वेळ माझा हात धरून बसले. मला फार बरं वाटलं.

१८ फेब्रुवारी

गाडी लेट. माझ्यापायी निशिगंधाची अर्ध्या दिवसाची रजा गेली. हैबतरावांनी असं कधी केलं नसतं! उद्या पहाटेच निघायचं, मिळेल त्या गाडीनं.

१९ फेब्रुवारी

वेळेच्या आधी पोचलो. निशिगंधा आत डबा भरत होती. हैबतराव जागे, दाराकडेच बघत होते. "आलास? सगळं नॉर्मल हाय."

इतकी वर्षं ऐकलेलं, आपसूक तोंडातून गेलं – "बरं. जा तुम्ही."

गेले.