एकट्याला उचलता येणारं रंधा मशीन

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

तुझे गुडघे आणि दाजींचा खोकला, दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. इकडे मंडळी खुशाल. माझं म्हणशील तर हातपाय जागच्या जागी आहेत, जीव मात्र टांगणीला लागलाय.

तुझ्या टेबलाचं काम जोरात चालू आहे. (निदान आवाज तरी जोरात आहे.) बाबांनी लावलेलं झाड पडलं, त्याच्या निघाल्या त्या पाचच फळ्या तू विश्वासाने माझ्या हवाली केल्यास. त्यातल्या चारांच्या कडा आपल्या धाकट्याने आणि मी हातरंध्याने सरळ केल्या. त्यात माझा उजवा खांदा कामातून गेला आणि रंधा मशीन घेणं भाग पडलं. कड काटकोनात आणि सरळ झाली नाही तर दोन फळ्यांचा सांधा बसत नाही, हे तुला नव्याने सांगायला नको. सुताराच्या घरातली तू.

धाकट्याचं म्हणणं, लांब पाटाचं, म्हणजे फळी अख्खी टेकेल असं, बिडाचं मशीन घ्यावं. अगं, आमचं दुकान म्हणजे जिन्याखालची खोली! ते आत आलं असतं तर आम्हा दोघांना बाहेर उभं राहावं लागलं असतं. मी हलकं पसंत केलं, एका माणसाने उचलून फडताळात ठेवावं असं. तो म्हणाला, "याचा पाट आखूड आहे. लांब फळीचं दुसरं टोक कोण धरणार?" मी म्हटलं, "तू आहेस की. नाहीतरी काय करतोस?" (हे गमतीत म्हटलं होतं, कुणालाही विचार. तिथे तिसरं कुणी नव्हतं, ही गोष्ट वेगळी.) त्याने हात पुसले आणि जो गेला तो गेलाच.

मशीन उत्तम आहे. पहिल्या दिवशी मी घरातलं दिसेल ते आखूड लाकूड सरळ करून टाकलं. मग पाचवी फळी घेतली. पातं ओलांडलं की पुढचं टोक खाली झुकतं, मागचं उचलतं आणि कड धनुष्यासारखी होते. म्हणून पुढे स्टूल ठेवलं. स्टूल बोटभर उंच निघालं, कड उलटी वाकली. मग तुझ्या भावजयीला टोक धरायला लावलं. भुसा नाकात गेला आणि ती ऐन मोक्याला शिंकली. कडेला खड्डा! तो घालवायला आणखी फेऱ्या. दर फेरीला फळी अरुंद होतेय, ताई, आणि त्या झाडाची दुसरी फळी कुठून आणू? काल मशीन चालू केलं आणि फळी न लावताच बंद केलं.

बाकी काळजीचं कारण नाही. लहानांना आशीर्वाद, दाजींना नमस्कार.

तुझा,
मधला

ता. क. आणखी दोन फेऱ्या झाल्या, तर तुझ्या टेबलावर समोरासमोरची ताटं एकमेकांना भिडतील. तेव्हा धाकट्याला तुझ्याकडून म्हणून सांग, की जरा जाऊन फळीचं टोक धर. माझं नाव मुळीच काढू नकोस.

ता. क. येत नाही म्हणाला, तर मीच बोलावलंय म्हणून सांग. त्याच्यावाचून दुकानात करमत नाही, हेही सांग. एकदा तो येऊ दे. मग फळी वाकडी राहिली तर राहिली. तुला चालेल ना?