जावळीचे नव्हे, मोरसचे

आबा,

तुमचे थोरले भाऊ गेले. गेल्या आठवड्यात मोरसहून, नकाशात ज्याला मॉरिशस म्हणतात तिथून, त्यांच्या मुलाचं पत्र आलं आणि तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. बसलो की उठावंसं वाटतं, उठलो की कशाला उठलो ते आठवत नाही. तुम्हाला भाऊ होता हे तुम्ही होता तोवर मला ठाऊक नव्हतं. तुम्हाला ठाऊक होतं का, हे विचारायला आता कुणीच उरलं नाही. म्हणून तुम्हालाच विचारायला बसलोय.

लहानपणी मला ठाऊक होतं ते एवढंच, की आपण जावळीचे मोरे. दरवर्षी खळं झालं की भाट यायचा आणि बहादरपूरच्या आपल्या अंगणात बसून आपल्या पूर्वजांचे घोडे, तलवारी, किल्ले सांगायचा. मी तोंड उघडं टाकून ऐकायचो. तुम्ही मात्र सुपात ज्वारी घेऊन खाली बघत उभे असायचात. तो थांबला की ज्वारी त्याच्या झोळीत ओतायचात आणि गोठ्याकडे निघून जायचात. मला वाटायचं, मोठ्या घराण्याची माणसं अशीच अबोल असतात.

घरात मोरस, म्हणजे तिकडून जहाजानं येणारी पांढरी साखर, येत नसे. मामाने एकदा दिवाळीला पुडा आणला, तेव्हा आई चुलीपुढे करंज्यांचं सारण करत होती. तुम्ही तो पुडा उचलला आणि शेजारी देऊन आलात. आईनं गूळ किसायला घेतला. तिला कारण विचारलं तर म्हणाली, "त्याहिले चालत नाही." तिलाही त्याहून जास्त माहीत नसावं.

आणि ते बैल. सगळं गाव बैलांना हाकताना "हर्र" करायचं, तुम्ही म्हणायचात, "आले! आले!" लोक हसायचे. "कोन आले, पाटील?" असं मुद्दाम विचारायचे. एकदा मीही तुमच्यासारखा आवाज काढून बैलांच्या मागे "आले, आले" करत धावलो. तुम्ही कासरा टाकून आलात आणि माझ्या थोबाडीत मारलीत. तुम्ही मला मारलंत ते तेवढंच. "ते तुझं नाही," म्हणालात. "तू म्हणायचं नाही." गाल हुळहुळत होता, पण मला त्याहून जास्त कोड्यात टाकलं त्या बोलण्यानं. शब्द कुणाचा असतो काय?

तुम्ही गेल्यावर पुष्कळ वर्षांनी, मी आपल्या ताप्तीकाठच्या लालबागच्या स्टेशनावर मालबाबू असताना, एक म्हातारा गाडीतून उतरला. काळाभोर, ताठ, डोक्याला गोल टोपी, हातात छत्री. मालगोदामाच्या दारात येऊन म्हणाला, "बहादरपूर गावी मोरसवालीचं घर कोठे असे?" त्याची मराठी आपल्यासारखीच होती, पण पेटीत घडी घालून ठेवल्यासारखी जुनी. मी म्हणालो, मी बहादरपूरचाच, अशी कुणी बाई तिथे नाही. तो म्हणाला, "माझी आई ती. धाकट्याला घेऊन जहाजातून माघारी आली." आडनाव विचारलं तर म्हणाला, मोरसला आडनाव नसतं, बापाचं नाव तेच मुलाचं आडनाव. त्याच्या बापाचं नाव आणि माझ्या आजोबाचं नाव एकच निघालं. मी मनात म्हटलं, त्या नावाचे पुष्कळ असतील.

तरी दुसऱ्या दिवशी त्याला बैलगाडीत घालून गावी निघालो. वाटेत नाल्याच्या चिखलात चाक रुतलं. गाडीवान बैलांना चुचकारत होता, मी खांदा लावला होता. म्हातारा खाली उतरला, मागून जोर लावला आणि ओरडला, "आले! आले!"

गाडीवान हसला, "कोन आले, बाबा?" माझा हात मात्र गालाकडे गेला.

त्यांनी सांगितलं, मोरसला लोक जी भाषा बोलतात तिच्यात "आले" म्हणजे जा, चल. उसाच्या गाड्या हाकतानाही हेच म्हणतात. मी त्यांना तुमचं सांगितलं. आबा, तो एवढा ताठ माणूस नाल्याकाठी दगडावर बसला आणि कितीतरी वेळ उठेना.

गावात आपल्या शेजारची मावशी तेव्हा जिवंत होती. तिला दिसत नव्हतं, पण आठवत सगळं होतं. ती म्हणाली, "अरे बेटा, तुले कोनी सांगतलं नाही का? तुह्या जन्माआधी गेली तुही आजी, तिले सारं गाव मोरसवाली म्हने. दुष्काळात नवऱ्यासंगं गेली, रांडमुंड होऊन पोराले घेऊन आली. तुह्या बापाले म्हनत मोरश्या. मंग शाळेत मास्तरनं 'मोरे' लिहून टाकलं. ते जावळी-बिवळी भाटानं मांगून आनली." मी हसलो. दुसरं काय करणार होतो? आमच्या सगळ्या घोड्यांच्या टापा त्या एका वाक्यात थांबल्या. पण खरं सांगतो, वाईट वाटलं नाही. अंगावरचा उसना कोट काढल्यासारखं वाटलं, हलकंही आणि उघडंही.

परतताना काकांनी उरलेलं सांगितलं. उसाच्या मळ्यावरचा मजुरीचा करार संपला होता, आजीचा नवरा तिथेच मेला होता. माघारी न्यायचं जहाज लागलं तेव्हा काकांना देवी आलेल्या. डॉक्टरनं त्यांना चढू दिलं नाही. आजीनं त्यांना एका ओळखीच्या बाईच्या ओटीत घातलं आणि म्हणाली, पुढल्या जहाजानं तुला न्यायला येते. तुम्ही त्यांचा सदरा धरून बसला होतात, सोडत नव्हतात. "मग मीच त्याची बोटं सोडवली," काका म्हणाले, "आणि म्हणालो, आले, आले. जा."

हे ऐकल्यापासून मी तुमच्याशी भांडतोय, आबा. ती थोबाडीत आठवते आणि वाटतं, तुम्हाला सगळं आठवत होतं. मग वाटतं, एवढ्याशा पोराला काय आठवणार, शब्द तेवढा तोंडात राहिला असेल. आठवत असेल तर शोध का नाही घेतलात? आजी का गेली नाही परत? का तिला कुणी जाऊ दिलं नाही? रात्री मी कूस बदलतो तशी तुम्हीही बदलत होतात का?

काका आले त्याच महिन्यात माझ्या मुलीला पाहायला रावेरकडचे देशमुख येणार होते. जावळीचं नाव ऐकूनच त्यांनी स्थळ पत्करलं होतं. बायको म्हणाली, "काकांना त्या दिवशी फार तर पाहुणे म्हणून सांगा." मी कबूल झालो. पण मुलगी म्हणाली, "आजोबांचे सख्खे भाऊ ना ते? मग त्यांना बसवणार कुठे, गोठ्यात?"

पाहुणे आले. मुलाच्या बापानं ओसरीवर गोल टोपी घालून बसलेल्या काकांकडे पाहून विचारलं, "हे कोण?"

"माझे चुलते," मी म्हणालो. "आबांचे थोरले भाऊ. मोरसला असतात."

"व्यापार?"

"नाही. उसाच्या मळ्यात होते. माझी आजी तिथे कामाला गेली होती."

"आणि जावळी?"

"जावळी भाटाची."

त्यांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. फार सभ्य माणूस. "कळवतो," म्हणाले. कळवलं नाही. गावात महिनाभर चर्चा झाली. बायको माझ्याशी त्याहून जास्त दिवस बोलली नाही. पुढे मुलगी खंडव्याला एका मास्तराच्या घरी पडली. त्यांनी कुळी विचारली नाही, मुलीला वाचता येतं का एवढंच विचारलं. आता तिला दोन मुलं आहेत. ती त्यांना किल्ल्यांच्या नाही, जहाजाच्या गोष्टी सांगते.

काका पावसाळ्याआधी परत गेले. त्यांची नातवंडं तिथे, झाडं तिथे. जाण्याआधी आजीला जिथे अग्नी दिला तिथे ताप्तीकाठी बसून आले. एकटेच गेले, काय बोलले ठाऊक नाही. रागावलेले दिसले नाहीत. त्यांचं हे न रागावणंच मला छळतं.

हे पत्र मी कुठल्याच पेटीत टाकणार नाही. तुमचा पत्ता असता तरी टाकलं नसतं, कारण शेवटची गोष्ट लिहायला मी इतका वेळ टाळाटाळ करतोय. गाडी सुटायच्या आधी काकांनी खिडकीतून माझा हात धरला आणि विचारलं, "शेवटी तो काही बोलला का? माझं काही?" मी म्हणालो, "हो काका. 'भाऊ, भाऊ' म्हणून हाक मारत होते. आम्हाला कळलं नाही कुणाला ते." त्यांनी डोळे मिटले आणि मान हलवली, जणू हे ऐकायलाच ते समुद्र ओलांडून आले होते.

तुम्ही हाक मारली नव्हती, आबा. तुम्ही पाणी मागितलं होतंत.