हँडलवरचा पंचा

आबा, तुला लिहायचं मी कितीतरी वर्षं टाळत आलो. कागद घेऊन बसलो की चहाची तल्लफ येते, नाहीतर खालून कुणीतरी हाक मारतं, नाहीतर उगाच आठवतं की साबण आणायचा राहिला. एकदा उठलो की संपलं. परत येऊन पुढे लिहीत नाही, नवा कागद घेऊन पहिल्यापासून सुरू करतो, कारण अर्ध्यात सोडलेलं काम सोडलं तिथून उचलायचं नाही अशी मला सवय लागलीये. कुठून लागली ते सांगेन. त्यामुळे पत्राच्या सुरुवाती माझ्याकडे पुष्कळ आहेत, पत्र एकही नाही. आज उठायचं नाही असं ठरवून बसलोय. भिवंडीत, नारपोलीतच बसलोय, तू लूम चालवायचास त्याच कारखान्याच्या वरच्या खोलीत. सेठ गेले, त्यांची बायको, आपली चाची, आहे, तिनं खोली दिली. खाली लूम चालू झाल्या की फरशी अजून तशीच थरथरते, तांब्यातल्या पाण्यावर गोल उठतात. आता थोड्याच लूम उरल्यात, बाकीच्या जागेत कुणाकुणाचे खोके रचलेत.

मी काय करतो ते तुला माहीत नाही. मी विमानातून उड्या मारतो, पाठीवर पॅराशूट बांधून. हसू नको. नववीत शाळा सोडली, वळ गावातल्या गोडाऊनमध्ये खोक्यांना टेप लावली, मग एका ट्रकवर क्लीनर झालो. लांब कुठेतरी, एका छोट्या विमानपट्टीपाशी ड्रायव्हर चहाला थांबला, आणि मी वर बघितलं तर आभाळातून रंगीत कापड खाली येत होतं, त्याखाली माणूस लटकलेला. मी बघत राहिलो. ट्रक गेला. मी तिथंच राहिलो, आधी झाडायला, मग पॅराशूट बांधायला, मग उडी मारायला. आता नवीन पोरं मला विचारतात, दादा, भीती नाही वाटत? मी सांगतो, वाटते, म्हणून तर तुझ्यासमोर उभा आहे.

खरं तर आमचं काम उडीचं कमी आणि जमिनीवरचं जास्त. अर्धा दिवस वाऱ्याची वाट बघण्यात जातो. पट्टीच्या कडेला काठीवर वाऱ्याची कापडी पिशवी असते, पायजम्याची एकच टांग वाळत घातल्यासारखी. ती आडवी ताठ झाली की आम्ही गप शेंगा खात बसतो. आणि उरलेला अर्धा दिवस कापडाच्या घड्या. गुडघ्यावर बसून एकेक दोरी सारखी करायची, एकेक घडी हातानं चापून हवा काढायची, मग सगळं पोटाशी धरून पिशवीत कोंबायचं. तुझ्यासारखंच कापडाचं काम, आबा. माझे हात कापडावरून फिरतात तेव्हा कधी कधी मला तुझे हात दिसतात, लूमवर सुताची तुटलेली तार शोधताना फिरायचे तसे.

त्या हातांनी एकदा मला मारलं होतं, ते आठवतं? मी तुझा डबा घेऊन आलेलो. शेजारच्या लूमच्या हँडलवर गमछा टाकलेला होता, नाक गळत होतं, मी तो उचलला आणि पुसलं. तू धावत आलास आणि कानाखाली दिलीस. मला काही कळेना. मग त्या बंद लूमखालून शेजारच्या बिहारी कारागिराचं डोकं बाहेर आलं, तेलानं काळं झालेलं, आणि तो हसत म्हणाला, "काहे बाबू, हमरी मुंडी से नाराज हो का?" सगळे हसले. तू नाही हसलास. मला बाहेर ओट्यावर नेऊन खाली बसलास, माझ्या तोंडाएवढा झालास आणि बोललास, "त्यो पंचा न्हाय. त्यो त्याचा हात हाय. लूमीत हात घालाच्या आधी पंचा टाकाचा, पंचा हाय तवर लूम चालू कराची न्हाय, आन् ज्याचा पंचा त्यानंच काढाचा. मालक आला तरी दुसऱ्यानं न्हाय. कलला का?" मी म्हटलं, कळलं. मग तू माझं नाक स्वतःच्या पंच्यानं पुसलंस.

आणि मग तो दिवस. तार तुटली म्हणून तू लूम बंद केलीस, हँडलवर पंचा टाकलास, आणि शेजारच्याला म्हणालास, जरा पाणी पिऊन येतो. ओट्यावर बसलास, आणि तसाच बसलेला राहिलास. तुला गावी, दिघाशीला नेऊन सगळं केलं. बारावं झाल्यावर सेठनी मला बोलावून घेतलं. तुझी लूम तशीच उभी होती, अर्ध्यात थांबलेलं कापड, हँडलवर पंचा. कुणी हात लावला नव्हता. सेठ म्हणाले, "बेटा, तुझ्या बापाचा आहे. आता तूच काढायचा." बाकीच्यांनी लूम बंद केल्या. तो कारखाना इतका गप्प मी कधी ऐकला नव्हता. मी हात पुढे केला, आणि मला एकच वाटलं, हा काढला की तू पाणी पिऊन परत येणार नाहीस. मी पळालो. मागून सेठचा आवाज आला, "रहने दो. बच्चा है." त्यानंतर मी पळतोच आहे, ट्रकच्या, विमानाच्या, कशाच्याही मागे.

पॅराशूट बांधताना मात्र मी तुझा नियम नेला. बांधता बांधता उठावं लागलं तर वर पंचा टाकायचा. दुसऱ्यानं ते पूर्ण करायचं नाही, आणि ज्याचं आहे त्यानंही परत येऊन पहिल्यापासून सुरू करायचं, कारण मधे काय राहिलं ते डोकं खोटं सांगतं. आधी सगळे हसले, भिवंडीचा कायदा म्हणाले. मग पाळायला लागले. सगळ्यात आधी पाळला तो माझ्या दोस्तानं. तासगावकडचा होता. माझ्यापेक्षा चांगला उडायचा आणि माझ्यापेक्षा वाईट चहा करायचा.

गेल्या महिन्यात तो गेला, आबा. तो त्याचं जुनं पॅराशूट बांधत होता, मोठं, सावकाश उतरणारं. तेवढ्यात विमान निघतंय अशी हाक आली. कुणाचंतरी छोटं, वेगवान पॅराशूट बांधून तयार पडलं होतं. यानं आपल्या अर्धवट पॅराशूटवर पंचा टाकला आणि ते छोटं पाठीवर चढवलं. मी म्हटलं, "छोटं आहे रे ते." तो म्हणाला, "मी काय जाडा झालोय का? चल, बाकीचं तू बघ." विमानात मी त्याचं सगळं तपासलं, नुसतं डोळ्यांनी नाही, बोटानं. प्रत्येक पिन, प्रत्येक हँडल. सगळं बरोबर होतं. पॅराशूटही बरोबर उघडलं. खाली येताना, जमीन अगदी जवळ असताना, तो वळला. मोठ्या कापडाखाली ते वळण झालं असतं, छोट्याखाली ते पुरं व्हायच्या आत जमीन आली. आमच्यात नवखी पोरं कमी मरतात, त्यांना भीती असते. आम्हा जुन्यांचा हात सवयीनं चालतो, आणि कापड बदललंय हे हाताला कळायला वेळ लागतो. हे मी नव्या पोरांना रोज सांगायचो. तोही सांगायचा.

त्याच्या गावाला गेलो, पण गर्दीत मागेच उभा राहिलो. त्याची आई सारखी एकच विचारत होती, "त्याचं सामान कुठाय?" मी तिथूनच मागे फिरलो. पट्टीवर परत गेलो तर शेडमध्ये त्याचं जुनं पॅराशूट तसंच पसरलेलं, त्यावर त्याचा पंचा. सगळे माझ्याकडे बघायला लागले. एक जण म्हणाला, "भिवंडी, तुझाच कायदा आहे. तूच काढ." मी संध्याकाळच्या एसटीनं इकडे निघून आलो. त्यांचे फोन येतात. कोपऱ्यात तसंच आहे, म्हणतात, कुणी हात लावत नाही, तू ये. मी फोन ठेवून देतो. त्यानंतर उडी मारलेली नाही. त्याचं कापड तिथं पडलेलं असताना मला माझं बांधता येत नाही. आणि ते केलं नाही तर मला दुसरं काय येतं?

परवा चाची भाकरी घेऊन वर आली तेव्हा मी तिला इतक्या वर्षांनी पहिल्यांदा विचारलं, आबाचा पंचा शेवटी कुणी काढला? मला वाटायचं, सेठनी काढला असेल. किंवा त्या बिहारी कारागिरानं.

चाची म्हणाली, "कुणी नाही काढला. सेठ बोलायचे, त्याचा पोरगा येईल. तू कुठे आला? मग उंदरांनी खाल्ला. कापडपण खाल्लं. लूम भंगारात गेली तेव्हा हँडलला दोन-चार धागे होते, भंगारवाला तसाच घेऊन गेला." मग माझ्या ताटाकडे बघून म्हणाली, "जेव ना. थंड होते."

आणि तरी आतून वाटायचं, मी काढला नाही म्हणून तो राहिला असेल. तू जसा टाकलास तसा, कुठेतरी.

एवढं लिहून थांबलो होतो, उठलो मात्र नव्हतो. आता जिन्यातून चाची हाका मारतेय. "अरे, नीचे आ रे. एक बाई आलीय, तुला विचारते. तासगावहून आली बोलते, एकटीच. हातात मोठं गाठोडं आहे, मी बोलले दे मी धरते, तर कोणाला हात लावून देत नाही. बोलते, माझ्या मुलाचं सामान आहे, पट्टीवरच्या पोरांनी सांगितलंय, याला भिवंडीवाल्यानंच हात लावायचा."

तिला तर माझं तोंडसुद्धा माहीत नाही. जिन्यावर पावलं वाजतायत, दमून थांबतायत, परत वाजतायत. खालच्या लूम आत्ताच जेवणासाठी बंद झाल्या, म्हणून ऐकू येतंय. आबा, तू तेलाच्या हातानं कधी कापडाला शिवायचा नाहीस. मी हात धुऊन घेतो. दार उघडंच आहे.