सकाळी दहा फुंकरा, संध्याकाळी दहा

३० एप्रिल, शुक्रवार

चेतना गेली! आईसोबत भंडाऱ्याला, मामाकडे. माझा मुलगा लोकेश बायको-पोरीला गाडीत बसवून थेट ड्युटीवर गेला. घरात आता मी, माझी बायको माया आणि कूलर. तिघांत मोठा आवाज कूलरचा. पूर्वी माझा असायचा. रायपूरच्या उरला भागातल्या रोलिंग मिलमध्ये भट्टीपाशी उभा राहून हाक मारली की गेटवरचा दरबान दचकायचा! जानेवारीतल्या न्युमोनियाने ती हाक नेली. आता 'माया, चहा' म्हणायलाही मध्ये थांबावं लागतं.

जाताना पोट्टीने तिचा डबा माझ्या हाती दिला. डबा म्हणजे तो खेळ — जेवणाच्या डब्यासारखा उघडतो, आत दोन पडदे. 'जंगलोरा', भाग चौथा. चारशे विचित्र जीव आहेत म्हणे त्यात. आगीचे, दगडाचे, पाण्याचे. ते पकडायचे, पाळायचे, एकमेकांशी लढवायचे. आमच्या बाईसाहेबांचा लाडका मात्र एक झाडाचा जीव, लढाईत साफ निकामी! बोरासारखं गोल हिरवं पोट, डोक्यावर कापसाचा झुपका, शेपटीच्या जागी मूळ. वारा नेईल तिकडे जातो. त्याचं काहीतरी जपानी नाव आहे, माझ्या जिभेला जमत नाही. मी म्हणतो कापश्या.

"आबा, इसको संभालना. फूंक मारोगे तभी उड़ेगा. नीचे गिरा तो मर जाएगा." शिवाय वहीचं पान फाडून हुकूम लिहून दिला — 'सुबह दस, शाम दस. फूंक लंबी हो. नागा न करें.' एकही खाडा नको म्हणे! मी मराठीत बोलतो, ती हिंदीत उत्तर देते. आमचं हे ठरलेलंच आहे.

हो म्हणून बसलो. तिला नाही म्हणणारा माणूस या घरात अजून जन्मायचा आहे.

१ मे, शनिवार

पडद्याखाली एक बारीक भोक आहे. त्यात फुंकायचं. फुंकर जेवढी लांब तेवढी पानं पडद्यावर उगवतात — जास्तीत जास्त पाच. माझी फुंकर : एक पान. एक! त्यातही दहा होईपर्यंत खोकून खोकून डोळ्यांत पाणी. कापश्या जमिनीपासून वीतभर वर लटकलेला, आणि माझ्याकडे बघून हसतोय. त्याचा चेहराच तसा आहे, पण राग यायचा तो आलाच.

माया दारात उभी होती. "दवाखान्यातल्या तीन गोळ्यांच्या मशीनले हात लावत नाही, न् हे बरं जमून राह्यलं तुमाले!"

मशीन कपाटावर आहे. फिजिओवाल्या दीदीने श्वासाच्या व्यायामासाठी दिलेलं. ओढा, सोडा, ओढा, सोडा. वर फुगे फुगवा म्हणे! मी काय वाढदिवसाचं पोट्टं आहे? तिने एक कागदही लिहून दिला होता, तो केव्हाच हरवला. बरं झालं.

३ मे, सोमवार

गंगाधर आला होता. विहार कमिटीचा सेक्रेटरी झाल्यापासून खिशाला दोन पेनं लावतो.

"जय भीम, हरिदासभाऊ. मी काय म्हणतो, यंदा पौर्णिमेले वंदनेची सीडी लावून टाकू का? तुमाले कायले तरास?"

सीडी! बावीस वर्षं बुद्धपौर्णिमेची वंदना मी घेतोय. मी एक ओळ म्हणायची, साऱ्या पाऱ्याने — मोहल्ल्याने — मागून म्हणायची. मागे भिंतीशी टेकून बसलेल्या लताबाईंची ओळ पुरी होईपर्यंत मी पुढची उचलत नाही. त्यांना दात नाहीत, वेळ लागतो. सीडी थांबणार आहे का लताबाईंसाठी?

"सीडी-बिडी नाही. मी घेईन."

"हव," म्हणाला गंगाधर, पण बघत होता माझ्या छातीकडे. "पंचवीस तारखेपर्यंत पक्कं सांगजा. सत्तावीसले पौर्णिमा आहे. सीडी आणाले भी टाइम पाह्यजे ना." रायपूर राजधानी होऊन दहावं वर्ष लागलं, आता आमच्या गंगाधरलाही सगळं मशीनवर पाहिजे.

तो गेल्यावर दार लावून त्रिशरण म्हणून पाहिलं. दुसऱ्या ओळीच्या मध्यात श्वास संपला. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. वंदना नाही तर मग मी कशाचा हरिदास?

५ मे, बुधवार

दहा, दहा. एक पान. कापश्या खाटेएवढ्या उंचीवर. मेला नाही हेच पुष्कळ.

८ मे, शनिवार

अक्कल पहा माझी! दुपारी जेवून आलो तर फुंकायचा कंटाळा. उन्हाने वरची गच्ची तापलेली, समोर कूलर सूं सूं करतोय. म्हटलं, वारा तो वारा! डबा उघडून स्टुलावर ठेवला, स्टूल कूलरपुढे. पाच पानं! एका क्षणात पाच पानं! रायपुरात पन्नास वर्षं काढली, हे इतक्या दिवसांत कसं सुचलं नाही? खूश होऊन ताणून दिली.

उठलो साडेचारला. पडदा पांढरा. टेकडी नाही, तळं नाही, झाड नाही. बर्फ! आणि त्या बर्फात एक हिरवा ठिपका. कापश्या तीन मुलुख ओलांडून कुठल्या कुठे गेला होता.

घाम फुटला मला. चेतनाने त्याला निळ्या टेकडीवर ठेवून दिलं होतं. सत्तावीस वर्षं भट्टी सांभाळली, एक कापसाचा झुपका सांभाळता आला नाही.

९ मे, रविवार

चेतनाचा फोन. "आबा, वो कहां तक पहुंचा?"

"आहे ना. मजेत आहे. गारव्याला आहे."

खोटं बोललो नाही. पण बरंही वाटलं नाही.

१० मे, सोमवार

बटणाने बाण फिरवला की वाऱ्याची दिशा फिरते, हा शोध लागला. मग तो आला त्याच रस्त्याने परत नेता येईल! लगेच बाण उलटा करून डबा पुन्हा कूलरपुढे धरला. कापश्या टेकडीवरून सुसाट निघून पलीकडे समुद्रावर. कूलर बंद करायला गेलो तेवढ्यात अर्धा समुद्र पार. पुन्हा बाण फिरवला — पुन्हा बर्फात! त्या मशीनला 'पुरे' कळतच नाही. गंगाधरच्या सीडीचा सख्खा भाऊ.

माझ्या फुंकरीनेच आणावा लागणार. एका पानाला पडद्यावर तो दोन बोटं सरकतो. अंतर किती आहे ते मोजत बसलो नाही. घाबरायचं कशाला उगाच.

१२ मे, बुधवार

दहाने भागणार नाही. सकाळी वीस मारल्या, संध्याकाळी वीस. मध्ये बसून कापश्याला शिव्या. एकदा दोन पानं उगवली! मायाला हाक मारून दाखवली, तोवर मावळली.

१५ मे, शनिवार

दोन पानं, आता नेहमीच. युक्ती सापडली — आधी पोट फुगेपर्यंत श्वास भरायचा, मग ओठ आवळून हळूहळू सोडायचा, गरम चहावर फुंकतो तसा. जोर केला की खोकला येतो. घाई करणाऱ्याचं काम नाही हे.

कापश्या बर्फातून बाहेर आला. खाली आता पिवळं गवत दिसतं.

१६ मे, रविवार

मायाची गंमत! पंडरीच्या कापड बाजारातून पौर्णिमेसाठी पांढरी साडी घेऊन आली, पिशवी ठेवली आणि म्हणाली, "आना इकडं, पाहू द्या मले." डबा धरला, फुंकली — पाच पानं! मी बघतच राहिलो.

"चुलीपुढं जिंदगी गेली माही. तुमी काय फुंकसान माह्यापुढं!" मग जरा मऊ होऊन, "देऊ का आणून त्याले टेकडीवर? दोन दिवसांचं काम आहे."

मोह झाला. खरंच झाला. कापश्या घरी, माझी सुटका, पोट्टीला कळणारही नाही. पण एकदा कूलरची उसनी फुंकर घेतली त्याचं काय झालं ते पाहिलं. नाही म्हटलं. हुकूम माझ्या नावाने आहे.

"काहून इतके जिद्दी होऊन राह्यले तुमी?" म्हणाली, पण रात्रीच्या भाजीत तेल जरा जास्त पडलं होतं. म्हणजे रागावलेली नव्हती.

१९ मे, बुधवार

तीन पानं. नदी लागली. नदीवर वारा उलटा वाहतो, निम्मी मेहनत पाण्यात.

२२ मे, शनिवार

नदी पार!! चार पानं दोनदा.

आणखी एक. सकाळी पाण्याचा डबा घेऊन गच्चीवर गेलो, रोपांना पाणी घातलं, खाली आलो. मग लक्षात आलं — जिन्यात थांबलोच नाही. जानेवारीपासून मधल्या पायरीवर बसतो मी, तिथे मायाने पोतं अंथरून ठेवलंय. आज ते पोतं दिसलंसुद्धा नाही. ऊन उतरल्यामुळे असेल. पण ऊन कुठे उतरलंय? चव्वेचाळीस आहे.

२५ मे, मंगळवार

गंगाधरला सांगायचा दिवस. त्याच्या घरी जायला निघालो, चप्पल घातली, काढली. गच्चीवर गेलो. त्याचं घर गल्लीच्या त्या टोकाला, मध्ये सात घरं. पोटभर श्वास घेतला.

"गंगाऽऽधर!"

कबुतरं उडाली. समोरच्या वहिनी पापड टाकून उठल्या. आणि गंगाधर लुंगीवर धावत रस्त्यात आला, हातात अर्धी पोळी. "काय झालं? कोण पडलं?"

"सीडी आणू नको!"

वर पाहिलं त्याने, पोळीचा घास घेतला, हसला. "हव, हरिदासभाऊ. हव!"

मग खोकला आला थोडा. येऊ द्या. तो खाली ऐकू गेला नाही.

कापश्या अजून टेकडीपासून अर्धा पडदा दूर. उद्या संध्याकाळच्या गाडीने पोट्टी येतेय.

२६ मे, बुधवार

सकाळपासून फुंकतोय. पाच पानं आली, पहिल्यांदा! मायाने टाळी वाजवली. साडेपाचला कापश्या टेकडीवर, सहाला रिक्षा दारात. चेतना धावत आत आली. मी डबा पुढे केला, जणू महिनाभर तिथेच बसून होता तो!

पोट्टीने डब्याकडे पाहिलंच नाही. माझ्याकडेच बघत राहिली. "आबा, जोर से कुछ बोलो."

"काय बोलू?"

"कुछ भी."

"डबा घे तुझा!" एवढ्या जोरात म्हणालो की सून पिशव्यांसकट थांबली. चेतनाला हसू आवरेना. डबा मात्र घेतला नाही. "आप ही रखो. मुझे छुट्टी का होमवर्क है."

होमवर्कची एवढी आवड हिला कधीपासून?

२७ मे, गुरुवार — बुद्धपौर्णिमा

झाली! पुरी झाली!

विहार भरलेलं. सगळे पांढऱ्यात. मेणबत्त्या पंख्याने विझत होत्या म्हणून गंगाधरने पंखे बंद केले, सगळे घामाघूम. मी उभा राहिलो. पोटापासून श्वास, ओठांवर सावकाश. पहिली ओळ गेली ती थेट मागच्या भिंतीपर्यंत. सगळ्यांनी म्हटली. मी थांबलो. लताबाईंचं शेवटचं अक्षर आलं, मग दुसरी उचलली. त्रिशरण, पंचशील, सगळं. कुठेही तुटलं नाही. मध्ये एकदा माझाच आवाज मला ऐकू आला.

खीर वाटताना लताबाई म्हणाल्या, "आवाज वापस आला तुझा, बाबू." पासष्टीच्या माणसाला बाबू! चेतना पुढच्याच रांगेत होती. माझ्या ओळी बोटांवर मोजत होती, का ते विचारायचं राहून गेलं.

२८ मे, शुक्रवार

घसा बसला. खीर उरली होती. झोप.

३० मे, रविवार

घात झाला. कौतुकाच्या हवेत मी, आणि कापश्याला तीन दिवस एक फुंकर नाही! आठवलं तेव्हा डबा उघडायची हिंमत होईना. पांघरुणांच्या पेटीत लपवून ठेवला. चेतनाने एकदाही विचारलं नाही. उद्या सांगतो तिला. काय सांगू?

३१ मे, सोमवार

उघडला. कापश्या खाली पडलाय. मेलेला नाही! जमिनीत मूळ रुजवून ऐटीत बसलाय, डोक्यावर पिवळं फूल, अजून हसतोय. हे काय झालं म्हणून खेळाचं पुस्तक पाहायला त्याचं खोकं काढलं. पुस्तकात लिहिलंय की वारा पडला की हा जीव रुजतो, फुलतो, कधीच मरत नाही. आणि पुस्तकाच्या आत घडी केलेला एक कागद — फिजिओवाल्या दीदीचा, माझा, हरवलेला. 'सुबह दस, शाम दस. फूंक लंबी हो. नागा न करें.' प्रत्येक ओळीखाली चेतनाची पेन्सिल.

कागद होता तसा घडी करून ठेवला. संध्याकाळी तिच्या शेजारी बसून दहा फुंकरा मारल्या. लांब.