मुळा नदीत छेदलेल्या रेषा

बाबा, तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली. जहाजावरून सुट्टीवर आले की मी आता कर्वेनगरला राहते. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून सावकाश लिहिते आहे.

खडकीच्या कारखान्यात तुम्ही होकायंत्रं दुरुस्त करायचात. मी नववीत असताना एका रविवारी सकाळी तुम्ही मला क्वार्टरच्या गच्चीवर नेलंत, हातात होकायंत्र दिलंत. पर्वतीचं देऊळ कोणत्या दिशेला, चतुःशृंगीची टेकडी कोणत्या दिशेला, हे मोजायचं आणि नकाशावर दोन्हींपासून उलट रेषा ओढायच्या. त्या छेदतात तिथे आपण. माझ्या रेषा मुळा नदीच्या पात्रात छेदल्या. तुम्ही चष्मा वर सरकवून पाहिलंत. "छान. सगळे बुडाले. पुन्हा मोज." चौथ्या खेपेला रेषा आपल्या बिल्डिंगवर आल्या.

पुढे मी नौकानयनाच्या अकादमीत शिकून जहाजावर अधिकारी म्हणून लागले. पहिल्या सुट्टीत मी तुम्हाला ऐटीत सांगत होते, जुन्या दर्यावर्दींकडे आमचं जीपीएस असतं तर एकही जहाज फुटलं नसतं. सूर्यावरून त्यांना अक्षांश कळायचा, रेखांश मात्र अंदाजाने. एकदा सापडलेलं बेट पुन्हा सापडेलच असं नाही. तुम्ही पोळ्या लाटत होतात. "यंत्र सांगेल तू कुठे आहेस. पुढे खडक आहे हे कोण सांगणार? त्यांचा नकाशाच कोरा होता." मला राग आला. "बाबा, तुम्ही कधी बोटीत तरी बसलायत का?" तुम्ही तव्यावरची पोळी उलटलीत आणि म्हणालात, "भाजी घे." पुढच्या सुट्टीआधीच तुम्ही गेलात. मी भर समुद्रात होते. पोचले तोवर सगळं उरकलं होतं.

तुमचं म्हणणं निम्मं बरोबर होतं, असं मला आता वाटतं. पहिलं जहाज खडकावर आपटलंच असतं. पण वाचलेल्यांनी त्या खडकाची नेमकी जागा घरी नेली असती, आणि दुसरं जहाज वाचलं असतं. बेटांवरच्या माणसांचं काय झालं असतं, ते वेगळं. ती लवकर सापडली असती, आणि त्यात त्यांचं भलं नव्हतं.

गेल्या वर्षी एका अरुंद सामुद्रधुनीत कुणीतरी जीपीएसचे खोटे सिग्नल सोडले. भर दुपारी पडद्यावर आमचं जहाज एका विमानतळावर उभं. दोन्ही बाजूंना उथळ पाणी. कॅप्टन म्हणाले, "मॅडम, या पडद्यावर विश्वास नाही. डोळ्यांनी बघून सांगा." मी दीपगृहाची दिशा घेतली, किनाऱ्यावरच्या टेकडीची घेतली, कागदी नकाशावर रेषा ओढल्या. पुन्हा मोजलं. आम्ही उथळ पाण्याकडे सरकत होतो. जहाज वळवलं, तासाभरात बाहेर पडलो.

चहा पिताना कॅप्टननी विचारलं, "इतका सफाईदार हात कुठे बसला?"

मी म्हणाले, "अकादमीत."