गूळ आणि उद्याची तपासणी

जबलपूर, डिसेंबर १९७१. संध्याकाळ.

घशात धूळ बसू नये म्हणून कारखान्यात आम्हाला गूळ देतात. मी माझा खडा रोज खिशात लपवते. मला मधुमेह आहे हे तिथे कुणाला ठाऊक नाही, आणि नोकरी पक्की होण्याआधीची डॉक्टरी तपासणी उद्या आहे.

आज शेजारच्या टेबलावरच्या कमलाबाईंनी टोकलंच. "काहून वं, खात नाहीस? उपास आहे का?"

खडा तोंडात टाकला. संशय नको म्हणून. मग त्यांनी आपला अर्धा पुढे केला, तो का घेतला? तेव्हा तर कुणी काही विचारलं नव्हतं.

आत्ता घरी लघवी निळ्या द्रावणात उकळून पाहिली. विटेसारखी लाल, म्हणजे साखर भरपूर.

उद्या सकाळी हवाई हल्ल्याचा भोंगा वाजावा, तपासणी टळावी, असं मनात आलं. लाज वाटली. तरी वाटतंच आहे.