बातम्यांत वाजलेली शिट्टी

रवि. १ फेब्रु. १९७६, भोर

जमलं! तीन महिने डोकं खाल्लं, पण तात्यांची दोन्ही छोटी इंजिनं एकाच रुळावर, एकाच वेळी आणि वेगवेगळ्या आवाजात चालली. दुकानामागच्या खोलीत दोन टेबलं जोडून गोल रूळ मांडलाय. इंजिनाच्या पोटात आवाजाचं यंत्र मावत नाही. म्हणून शिट्टी टेबलावरच्या पेटीत तयार करायची आणि रेडिओच्या लहरीवर बसवून रुळातून पाठवायची. इं. १ आपली लहर पकडतं, इं. २ आपली. हुकूमही त्याच वाटेनं जातो: एक टिक पुढे, दोन मागे, तीन थांब. टिक मोजायचं सर्किट इंजिनातच. फौजेत सिग्नल्समध्ये, बिनतारी संदेशांच्या कामात, अकरा वर्षं घासली, ती कुठंतरी कामी आली.

तात्या रेल्वेच्या मिरज लाईनचे ड्रायव्हर. छोटी लाईन बंद झाली तसे पेन्शन घेऊन आंबवड्याला आले. इंजिनं त्यांनी स्वतः पितळेतून घडवलीत, वीतभर लांब. आज सगळं ऐकून घेतलं आणि काय म्हणाले? "मिस्त्री, मागचं इंजिन उत्तर देत न्हाई." शाबासकी राहिली बाजूला. घाटात गाडीला दोन इंजिनं लागायची म्हणे, एक पुढं, एक मागं. पुढचा शिट्टी मारणार, एक लांब, दोन आखूड. मागच्यानं तश्शीच परत दिली की मगच दोघांनी वाफ उघडायची. "उत्तर आल्याबिगर हात लावायचा न्हाई. न्हाईतर डबं तुटून माघारी येत्यात."

म्हणजे अजून दोन ट्रान्झिस्टर. करतो म्हटलं.

गुरु. ५

उत्तर बसवलं. पुढच्याची शिट्टी संपली की चार सेकंदांनी मागच्याची आपोआप. मागच्याचा सूर घोगरा ठेवलाय. तात्या संध्याकाळभर वाजवत बसले, साडेसातची आंबवडे गाडी चुकता चुकता राहिली. जाताना माझा हात धरला. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

शुक्र. ६

समोरचे किराणावाले माने आपला रेडिओ घेऊन दुकानात. "मिस्त्री, ह्याच्यात रेल्वे शिरलीया." काल संध्याकाळच्या बातम्या चालू असताना मधेच शिट्टी वाजली म्हणे. एक लांब, दोन आखूड. "अन् मग दुसऱ्या कुनीतरी तशीच परत दिली बगा! शिंप्याच्या घरी बी तेच ऐकू आलं."

माने गेल्यावर स्टुलावर बसलो तो बराच वेळ उठलो नाही. रूळ म्हणजे सरळ सरळ एरियल! सिग्नल्सचा माणूस मी. टेबलावर पितळेचं एरियल मांडलं, त्यात लहर सोडली आणि ती भिंतीच्या आत थांबेल असं धरून चाललो. नव्या रिक्रुटानं असं केलं असतं तर मीच त्याला ग्राउंडला चकरा मारायला लावल्या असत्या.

दुपारी पेटी चालू ठेवून माझा छोटा रेडिओ खिशात घातला आणि गल्लीतून चालत गेलो. शंभर पावलांवरसुद्धा शिट्टी खणखणीत.

ऐकायच्या रेडिओला पोस्टातून लायसन काढावं लागतं. पाठवायच्या यंत्राला काय लागतं आणि ते नसलं तर काय होतं, हे मला पाठ आहे. त्यात आणीबाणी. हॉटेलात माणसं चहासुद्धा मान खाली घालून पितात.

भीती वाटतेय. जेवण गेलं नाही.

शनि. ७

पेटीची वायर काढली. रूळ सोडवून पोत्यात. तात्यांना सांगितलं, बिघाड आहे, थोडे दिवस थांबा. ते हिरमुसले. खरं कारण सांगायला जीभ रेटली नाही.

सोम. ९

पुण्याहून पोलिसांची दोन माणसं आली, साध्या कपड्यात. अकरा वाजता दुकानात शिरली. पण झालं भलतंच. ते माझ्याकडे जाणकार म्हणून आले होते! "तुम्ही फौजेतले. दोन सेट आहेत. एक विचारतो, दुसरा उत्तर देतो. ठरलेली खूण आहे. असलं कुणाचं यंत्र दुरुस्तीला आलं होतं का?" नाही म्हटलं. त्यांच्या मागं चार हातांवर पोत्यात रूळ.

मग त्यांतला उंच माणूस म्हणाला, "गल्लीत छपरावर एरियल कुणाचं?"

मी म्हणालो, "शेलार मास्तरांचं. मीच बांधून दिलंय."

खोटं नव्हतं ते. एरियल रस्त्यावरून दिसतं. मास्तरांनी परदेशातली क्रिकेटची कॉमेंटरी ऐकायला बांधून घेतलं होतं. पण मी ते का सांगितलं हे मला ठाऊक आहे. त्यांनी दुसरीकडे बघावं म्हणून सांगितलं. कॉमेंटरीचं मात्र बोललो नाही. त्यांनी विचारलं नाही, मी बोललो नाही.

मंगळ. १०

शेलार मास्तरांना नेलं. सकाळी शाळेला निघाले होते तेवढ्यात. रेडिओ, तार, वह्या, सगळं जप्त. जीपमध्ये बसताना मला बघितलं आणि ओरडून म्हणाले, "मिस्त्री, तुम्ही सांगा ना ह्यांना! नुसता रेडिओ आहे म्हणून!" मी दाराशी उभा, हातात सोल्डरिंगची तापलेली सळई. मान हलवली. कुणाकडे बघून हलवली ते मलाच कळलं नाही.

पंचविशीचं पोर. लग्न ठरत आलंय त्याचं.

बुध. ११

सुमनला सगळं सांगितलं. बायको आहे, किती दिवस लपवणार? दोन दिवस ताटात भाकरी तशीच उरतेय हे तिला दिसतच होतं. ती भाकरी थापता थापता थांबली.

"पेटी चुलीत घाला."

"अगं, मास्तर..."

"मास्तरांचं सोयरं शिकल्यालं हायेत, त्येंच्यासाठी कोनतरी बोलंल. तुमी गेला तर तुमच्यासाठी कोन बोलनार? आपल्यासारख्याचं ऐकून घ्यायला कोन बसलंय?"

ती चुकीचं बोलत नाही. फौजेतून सुटून आल्यावर ह्या गल्लीत दुकानाची जागा मिळवायला मला दीड वर्ष लागलं. कुठल्या वस्तीतला, एवढं विचारून लोक जागा नाही म्हणायचे.

पक्कड घेऊन पेटी उघडली. पहिली तार धरली. तोडली नाही. फार थोरपणा होता असं नाही. ही मोडली की मास्तरांनी काही केलं नाही हे दाखवायला जगात दुसरं काहीच उरत नाही, एवढं लक्षात आलं. पेटी पिठाच्या डब्यात ठेवली. सुमन बघत होती.

शुक्र. १३

मास्तरांचे वडील आले. पासलीहून वेल्ह्यापर्यंत चालत आणि पुढं गाडीनं. पायात वहाणा, खांद्यावर घोंगडी, बरोबर घरच्या तांदळाची पिशवी. ती माझ्यासाठी. कुणीतरी त्यांना सांगितलं, रेडिओवाले मिस्त्री मिल्ट्रीत होते, त्यांना कळतं.

"आमी भात लावनारी मानसं, आमास्नी काय कळंना. त्या रेडिवातनं मानूस उलटं बोलू शकतो का हो?"

"न्हाई बाबा. रेडिओ निस्ता ऐकतो. त्याला तोंड नसतं."

"मग एवढं कागदावर लिहून द्या की."

दिलं लिहून. "सदर रेडिओ संचातून संदेश पाठवणे अशक्य आहे." खाली सही, फौजेतला नंबर, हुद्दा. म्हाताऱ्यानं कागद घडी करून बंडीच्या आतल्या खिशात ठेवला आणि माझ्या पाया पडायला वाकला. मी मागं सरकलो. तांदूळ घेत नव्हतो, पण तो ठेवूनच गेला.

कागदात एक अक्षर खोटं नाही. तरी लाज वाटतेय. शिट्टी कुणाची हे एका ओळीत लिहिता आलं असतं. जागाही होती.

शनि. १४

तात्या आले. मास्तरांची बातमी आंबवड्यालाही पोचलीय. मी सगळं सांगून टाकलं, अगदी एरियलचं बोललो तेसुद्धा.

तात्या म्हणाले, "म्हंजी सवाल बी आपला, अन् जवाब बी आपलाच?"

"व्हय तात्या."

"अन् ते त्या दुसऱ्या मानसाला हुडकत्यात?"

"व्हय."

मला वाटलं हसतील. हसले नाहीत. "इंजिनं काढा. चौकीवर जाऊ. म्या बी येतो."

दोन दिवस थांबू म्हणालो. कशासाठी, असं त्यांनी विचारलं. वडिलांना दिलेल्या कागदानं मास्तर सुटतील कदाचित... वगैरे. ते म्हणाले, "मिस्त्री, हे तुमी बोलताय का तुमचं भ्या?"

भ्याच बोलत होतं. तसं कबूल केलं.

सोम. १६

गेलो. मी पुढं पोतं घेऊन, तात्या मागं इंजिनं धोतरात गुंडाळून. फौजदारांना म्हटलं, पाच मिनिटं द्या, साहेब. त्यांच्याच टेबलावर मावेल तेवढा रूळ जोडला. त्यांचा रेडिओ लावला. पिन तात्यांनी खोचून दिली.

एक लांब, दोन आखूड. रेडिओतून आणि इंजिनातून, दोन्हीकडून. चार सेकंद. मग घोगऱ्या सुरात मागच्याचं उत्तर. आणि दोन्ही इंजिनं हलली.

फौजदार खुर्चीतून उठले. "आयला!" म्हणाले. परत वाजवायला लावलं. इं. २ वर बोट फिरवून बघितलं. क्षणभर वाटलं, सुटलो, सगळेच सुटलो. मी लिहून आणलेला जबाब पुढं ठेवला. त्यांनी वाचला आणि चेहरा उतरला.

दार लावून घेतलं.

"हे अजून कुनाला दावलं?"

"कुनालाच न्हाई."

"वर रिपोट गेलाय. दोन सेट, दोन मानसं. एक मिळाला, दुसऱ्याचा शोध चालू. मास्तर आता माझ्याकडं न्हाईत, पुण्याला हायेत. अन् आता म्या काय लिहू? खेळनं व्हतं?"

"खरं तेच लिवा की," तात्या म्हणाले.

फौजदारांनी जबाब माझ्याकडे सरकवला. आवाज चढला नाही त्यांचा, त्याचीच जास्त भीती वाटली. "म्या काय वाचलं न्हाई. ही खेळनी उचला, घरी जावा. चांगली मानसं दिसताय म्हनून सांगतो. हे घेऊन वर गेलात, तर वरच्यांना खेळनं दिसनार न्हाई. त्यांना दुसरा मानूस दिसंल."

बाहेर आल्यावर तात्यांना उन्हात चक्कर आली. त्यांना गाडीत बसवून दिलं. इंजिनं माझ्याकडेच ठेवली त्यांनी.

मंगळ. १७

दुकान उघडलं, काम केलं नाही. बोट भाजून घेतलं.

आता मला गप्प बसायला कुणी आडकाठी करत नाही. उलट गप्प बसा असंच सांगितलंय. मी गेलो होतो, दाखवलं, त्यांनी ऐकलं नाही, मी काय करू, असं स्वतःला सकाळपासून शंभरदा सांगून झालं. दुपारी म्हातारा परत आला. माझा कागद कुणी घेतलाच नाही, घामानं घडीवर फाटलाय. म्हणाला, पुन्हा चांगल्या कागदावर लिहून द्या, म्या उद्या परत जातो.

त्याला म्हटलं, थांबा बाबा, उद्या मीच जातो पुण्याला. मोठ्या साहेबांना भेटतो.

तोंडातून निघून गेलं. निघून गेल्यावर मात्र अंग हलकं झालं असंही नाही. मास्तरांच्या वर्गातली पोरं आज रस्त्यानं घोळक्यानं जात होती, शाळा लवकर सुटली. शिकवायला कुणी नाही.

सुमनला सांगितलं. तिनं माझा पांढरा सदरा धुऊन दोरीवर टाकला आणि दोन खोल्या उगाच सारवून काढल्या. नंतर म्हणाली, "म्या किकवीला जाते. आईकडं. तुमच्याच गाडीनं फाट्यापर्यंत." बरोबर आहे. ती तरी सुरक्षित राहील.

बुध. १८

गाडीत लिहितोय, अक्षर हलतंय. पोतं मांडीवर. पेटीवर पीठ अजून चिकटलंय, पुसायचं राहिलं. काय बोलायचं ते मनात जुळवतोय आणि प्रत्येक वेळी "साहेब"च्या पुढं अडतंय. आधी एरियलचं बोलायचं की आधी वाजवून दाखवायचं? आधी एरियलचं. नाहीतर ते राहून जाईल, मला ओळखतो ना मी.

सुमन खिडकीशी, बोचकं पायाशी. म्हटलं, घराची किल्ली मान्यांकडे ठेवलीय, परत यायला वेळ लागला तर. लागला तर काय, ते बोललो नाही.

कंडक्टर आला. मी म्हटलं, "एक किकवी फाटा, एक पुणे."

सुमन म्हणाली, "दोन पुणे द्या."